फोटो सोडून बाकीचं

प्रिय ठमाबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. अर्ध्यावर टाकू नकोस, पूर्ण वाच.

आई गेली त्या आठवड्यात मी सहज म्हटलं, आपल्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर तिचा आवाज असेल, ऐकव. तू रडत सांगितलंस की कचरा साफ करणारी ती बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप पाळायच्या हुकमांची यादी, तूच लिहिलीस. ती दर शनिवारी फोल्डरमधली एकेक फाइल बघते, फोटो तेवढे सोडते, बाकी सगळं पुसते. म्हणजे आईचा आवाजही. उघडून बघायची हिंमत तुला झाली नाही, मलाही नाही. आणि मी मूर्ख माणूस, तुला जवळ घ्यायचं सोडून दुकानाला कुलूप लावायला निघून गेलो. चार महिने झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. राग माझ्यावर नाही, स्वतःवर आहे. कळतं गं मला.

ती फाइल लिहिलीस तो दिवस आठवतो? बाहेर पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग आणि तुम्ही मायलेकी कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसलेल्या. हे काय एकेका फाइलला अडवून तू कोण म्हणून विचारतं का, असं आईनं विचारलं. तू खो खो हसलीस, पण समजावलंस मात्र नीट. ती वहीत उतरवून घेत होती. म्हटलं, असते एकेकाला हौस! मी दुपारी जेवायला गेलो की गिऱ्हाइकांचे निरोप ती कॉम्प्युटरवर बोलून ठेवायची, तेही त्याच फोल्डरात. लिहून का ठेवत नाहीस, म्हणून मी किती कटकट केली तिच्यामागे.

काल दुकान उघडलं. पहिलं काम म्हणून तुझी ती फाइल कायमची काढायला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. खरं सांगतो, रागच होता माझा त्या फाइलवर. त्यानं ती उघडली आणि विचारलं, ही खालची ओळ कोणाची? फोटो असेल तर सोड, ही तुझी ओळ आईनं खाली पुन्हा उतरवली होती. फोटोच्या फाइलींची नावं ज्या तीन अक्षरांनी संपतात, तेवढी बदलून आवाजाच्या फाइलींची घातलेली. वर इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतच टीप: ‘आवाज पुसू नको. ह्यांना माझं अक्षर लागत नाही.’

सगळं शाबूत आहे, बाळा. दोनशे चौदा निरोप. तू काहीही पुसलं नाहीस. मी एकच ऐकला: अहो, चष्मा खणात ठेवलाय, उगाच दुकान डोक्यावर घेऊ नका. मी मोठ्यानं बरं म्हणालो, दुरुस्तीवाला बघतच राहिला. बाकीचे तुझ्याशिवाय ऐकणार नाही. काउंटरमागची दुसरी खुर्ची पुसून ठेवली आहे. ये.

तुझाच,
बाबा