लाल दोऱ्याचा भोपळा

प्रिय सूनबाई,

हाक तीच ठेवते. कागदांवर सह्या तुम्ही दोघांनी केल्या, मला कुणी सही मागितली नाही. तेव्हा माझ्या बाजूने नातं चालू आहे. तुला नको असेल तर पत्र इथेच फाड, पण मग पुढची गंमत हुकेल.

गंमत कसली, फजिती आहे. गिरणीमागची आपली सामाईक बाग आठवते ना? बारा घरांचे बारा वाफे, एक नळ आणि त्या नळावरून रोजची कुरबुर. तिथला आपला खडबडीत सालीचा भोपळा, माझ्या सासूबाईंनी माझ्या हाती दिलेला, मी बुडवला. तू संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या कळ्या शिवणाच्या मशीनच्या लाल दोऱ्याने बांधायचीस, सकाळी आपल्याच वेलाचं नरफूल मादीफुलाला लावून तोंड पुन्हा बांधायचीस आणि खुणेला देठालाही दोरा गुंडाळायचीस. मी मनात म्हणायचे, हिला काही उद्योग नाही. तू गेलीस आणि दोराही गेला. गेल्या वर्षी शेजारच्या वाफ्यात औषधवाल्याने पाकिटातला गुळगुळीत भोपळा लावला. मधमाश्यांना कुठे कळतो तुझा वाफा, माझा वाफा? त्याचा पराग आपल्या फुलांत आला. त्या हंगामाचं बी ताजं म्हणून मी बरणीत भरलं आणि जुनं सगळं भाजून, मीठ लावून, टीव्ही बघत खाल्लं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! यंदा फळ धरलं ते ना आपलं ना त्याचं. पाणचट, चवीला पुठ्ठा. बी सगळ्यांना मीच देते, म्हणून बाराही वाफ्यांत तेच. कुणी मला बोललं नाही, ते जास्त लागलं.

आता खरं सांगते. चार वर्षांपूर्वी निघताना तू बरणीतलं मूठभर बी रुमालात बांधलंस, ते मी दारातून पाहिलं होतं. तुझ्यासमोर गप्प बसले आणि बागेत सांगत सुटले, जाताना चोरी करून गेली. तुझ्या कानावर आलंच असेल. माझा लेक एकदाच म्हणाला, आई, ती सोनं ठेवून गेली आणि बी घेऊन गेली, कळतंय का काही? तेव्हा नाही कळलं.

मंगळवारी भाजीवालीच्या गाडीवर तो दिसला. तीच साल, आणि देठाला लाल दोरा. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुलापलीकडच्या शिवणवाल्या ताईंच्या गच्चीवरचा. घरी आणून शिजवला. पहिल्याच फोडीला सासूबाई आठवल्या आणि मी ओट्यापाशी उभ्याउभ्या रडले. रडता रडता दुसरी फोडही खाल्ली, खोटं कशाला बोलू.

त्याचं बी धुऊन खिडकीत वाळत घातलंय. बाराही घरांना पुरेल. वाफा खणून तयार आहे, औषधवाल्यानेही आपलं पाकीट बाजूला ठेवायचं कबूल केलंय. पण हात पुढे होत नाही. न विचारता नेलंस म्हणून तुला चोर म्हणाले, मग न विचारता पेरलं तर मी कोण? तसं पाहिलं तर ते सासूकडून सुनेकडेच जायचं होतं. तू नेलं नसतंस तर आज एक दाणा उरला नसता. चुकले मी. बागेत सगळ्यांसमोर तसं सांगूनही आले. बी तुझं आहे. पेरू का, एवढंच विचारायला हे पत्र. हो म्हणालीस, तर कळ्या येतील तेव्हा एका संध्याकाळी ये. लाल दोऱ्याचं रीळ आणून ठेवलंय. गाठ कशी मारायची ते मला शिकव.

तुझीच,
सासू (माझ्या बाजूने अजून चालू)