मालकी ह्यांच्या नावे

ता. ४, सोमवार

सामान सुखरूप पोचलं. पलंग एक, कपाट एक (आरसा शाबूत), भांड्यांची खोकी, गाद्यांची वळकटी. टेम्पोचं भाडं ठरल्याप्रमाणे सोळाशे. हमालांना दोनशे. ते तीनशे मागत होते. मी म्हटलं, जिन्यात कपाट टेकवून अर्धा तास गप्पा मारल्यात, त्याचे कापले. हसत गेले बिचारे. पाण्याचं पिंप नवं, साडेतीनशे. आणि एक कॉम्प्युटर, ह्यांच्या कचेरीतून मोडीत निघालेला, फुकट. फुकटाची वस्तू पाहिली की माझा जीव कसा निवतो!

लग्न झाल्यापासून ताईकडेच राहत होते, आज स्वतःच्या घरात आले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक लहान खोली, तीत एक खुर्ची. सासूबाई तिथे राहायच्या. मी यायच्या आधीच त्या नणंदेकडे गेल्या, असं हे म्हणाले. पाया पडायचं राहून गेलं, ते मनाला लागलं. देवांना आधी जागा दिली, मग मिठाच्या बरणीला.

ता. ६, बुधवार

ह्यांनी कॉम्प्युटर शिकवायला घेतलाय. मॅट्रिक पास बायको नुसती भाकऱ्या थापायला ठेवली तर देव रागवेल, म्हणाले. कचेरीत ह्यांचं कामच ते: कुठला कागद कुणी बघायचा, कुणी त्याला हात लावायचा, हे ठरवून देणं.

मला समजलं ते असं. फाईल म्हणजे डबा. आत काय आहे ते वेगळं, आणि डब्यावरची चिठ्ठी वेगळी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की डबा कधी केला, शेवटचा कधी उघडला, मालक कोण, नुसता बघायचा हक्क कुणाला, आतलं बदलायचा कुणाला. एक खूण अशी आहे की ती केली की डबा फळीवरच असतो, पण कुणाला दिसत नाही.

घरातल्या माणसांच्या नावाने ह्यांनी एकेक फाईल केलीय. औषधं, कपड्यांची मापं, आवडीनिवडी. माझी ‘सौ.’ नावाची. मालकी कुणाच्या नावे, विचारलं. मी म्हटलं, हे काय विचारणं? माझं म्हणून वेगळं काय आहे? तुमच्याच नावे. तर म्हणाले, मग तूच कर. बोट धरून माझ्याकडूनच करून घेतलं. किती कौतुकाने बघत होते!

ता. ९, शनिवार

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. तोंडाने फटकळ, मनाने गोड. मला म्हणाल्या, वहिनी, तुमचा नवरा एवढा गुळमुळीत बोलतो, साखर महाग झाली ती त्यानेच. सासूबाईंची चौकशी करत होत्या. म्हणाल्या, निरोप न घेता गेली म्हातारी, आणि माझ्याकडे शिवायला टाकलेलं पोलकं तसंच पडलंय.

तांदळाचा मेळ बसत नाही. मी दोघांपुरतं मोजून घेते आणि संपतं तिघांचं. हे म्हणाले, उंदीर असेल. उंदीर भात खाऊन ताटली विसळून ठेवतो का?

ता. १२, मंगळवार

आज चमत्कारिक झालं. देवांची फळी खिडकीपाशी घ्यावी म्हटलं, तर हलेना. खिळे नाहीत, काही नाही, हाताला नुसती जड लागली. मग मिठाची बरणी. मग डाळीचा डबा. बघता येतं, हात लावता येतो, पण जिथलं तिथून हलवता येत नाही. स्वयंपाक ह्यांनी केला. थकवा असेल, म्हणाले.

दुपारी जप करायला बसले, मन लागेना, म्हणून कॉम्प्युटर लावला. माझी फाईल उघडली. चिठ्ठीवर माझ्या नावापुढे लिहिलंय, फक्त वाचता येईल. बदलण्याचा हक्क: मालक. शेवटचा बदल आज सकाळी, मी आंघोळीला गेले तेव्हाचा.

योगायोग असेल. परमेश्वरा, नवऱ्यावर संशय घेण्याचं पाप नको माझ्या हातून.

ता. १५, शुक्रवार

घडलं तसं नीट लिहिते.

हे दाढीला बसले होते. कॉम्प्युटर ह्यांच्याच नावाने उघडा राहिलेला. लपवलेल्या फाईली दाखवायचं एक बटण असतं, ते ह्यांनीच शिकवलं होतं. दाबलं. यादीत एक नाव उमटलं, फिकं, धुतलेल्या शाईसारखं. ‘आई’. मी लपवायची खूण काढली.

मागच्या खोलीत कुणी खोकलं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. फोटोतल्याच, पण अर्ध्या झालेल्या. मला म्हणाल्या, दिसले का गं शेवटी? तू आलीस त्या दिवसापासून हाका मारतेय. माझ्या पायावर पाय देऊन जातेस रोज. मी पाया पडले. त्यांनी माझं डोकं धरलं, हात गार होता पण खरा होता. विचारलं, ह्यांनी का केलं? त्या म्हणाल्या, फार बोलते म्हणून. दुसरं काही नाही गं. एकदा त्याला शेजारणीसमोर टोकलं—

हे दारात आले. तोंडाला साबण तसाच. आईकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ कॉम्प्युटरपाशी गेले.

त्या काहीतरी सांगत होत्या. तोंड उघडं होतं. मग खुर्ची रिकामी.

ता. १६, शनिवार

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. समजावत होते, शिकवताना बोलायचे त्याच आवाजात. आईला त्रास काही नाही, जेवते, झोपते. घर शांत राहतं एवढंच. मी पाय धरले. म्हटलं, माझे हक्क मला परत द्या. तर म्हणाले, अगं, मी कुठे घेतले? तू दिलेस. तुझ्याच बोटाने.

खरं आहे. मीच.

पासवर्ड बदललाय.

ता. १८, सोमवार

शिवणाच्या बाई पोलकं घेऊन आल्या. दार ह्यांनी उघडलं. मी ह्यांच्या खांद्यापाशी उभी. बाई म्हणाल्या, वहिनी कुठंयत? हे म्हणाले, बहिणीकडे गेली, काल.

मी ओरडले. बाईंचा पदर धरला. त्यांनी माश्या वारल्यासारखा झटकला. म्हणाल्या, या घरातल्या बायका जाताना सांगत कशा नाहीत हो?

हे हसले. त्यांना चहा विचारला.

ता. १९, मंगळवार

आता सासूबाई दिसतात. लपलेल्याला लपलेलं दिसतं.

माझे केस विंचरून दिले. म्हणाल्या, रडू नको, आवाज फुकट जातो. मी म्हटलं, फुकट तेवढंच आपलं. दोघी हसलो. हसलो आणि मग—

ह्यांच्या मागे उभी राहून कॉम्प्युटरचा पडदा बघते. हटकत नाहीत, जणू मी भिंत. आज माझ्या फाईलचं नाव बदललं. एका जागी एकाच नावाच्या दोन फाईली राहत नाहीत, म्हणून. माझी आता ‘सौ. जुनी’.

शेजारी नवी. ‘सौ.’ आजच केलेली. आत फक्त मापं. माझ्यापेक्षा बारीक आहे ती.

गुरुवार असेल

जप आठवत नाही. ओळ येते आणि पुढची—

सासूबाईंची मधली बोटं दिसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, राहू दे. ह्यांनी त्यांच्या फाईलमधलं काही काही पुसायला घेतलंय. जागा कमी पडते म्हणे.

ताई,

ही वही तुझी, तू दिलेली. ह्यांच्या यादीत नाही, म्हणूनच तीत लिहिता येतंय. पानं फाडून जिन्याच्या फटीतून खाली टाकतेय. शिवणाच्या बाईंना सापडली तर त्या तुझ्या पत्त्यावर धाडतील. मी तुझ्याकडे आलेली नाही. हे काही सांगोत. मी इथेच आहे, मागच्या खोलीत, दोघी आहोत. ती नवी मुलगी कुणाची आहे शोध. तिला म्हणावं, मालकी कुणाच्या नावे विचारलं तर—

हे आत आलेत. मान वाकडी करून बघतायत, माझ्याकडे नाही, वहीकडे. परत जाऊन बसले. टाइप करतायत. व. ही. नवी फाईल—

ताई, उलट टपाली एवढंच कळव, माझं हे अक्षर तुला दिस