शेवटचा लाल फुरू

३ फेब्रुवारी
मिलेम्बे माहेरी, मागूला गेली. भांडण वगैरे नाही, हवापालट. मी माशांशी जास्त बोलतो असं काहीसं म्हणत होती. शेजारची मामा सायी, म्हणजे सायीची आई, म्हणते, हवापालटाला कुणी कढई घेऊन जातं का रे मसुंगा? जळकी मेली.

६ फेब्रुवारी
ठरलं! लाल फुरू माशाची पिल्लं वाढवायची. सरोवरातले सगळे त्या राक्षसी सांगारा माशानं गिळले. आमच्या मत्स्य संशोधन केंद्रातल्या टाकीत एकच जोडी उरलीय. पिल्लं झाली की माझी नोकरी पक्की, पेपरात फोटो, मिलेम्बे पहिल्या बसनं घरी.

१० फेब्रुवारी
केंद्राच्या प्रमुख डॉक्टर कोकुगोंझाबाईंनी पुन्हा समजावलं. सगळ्या फुरूंचा पूर्वज एकच. लाल आणि निळे वेगळे झाले ते माद्यांच्या हट्टापायी. लाल घराण्यातलीला लाल नरच लागतो, निळ्यातलीला निळा. पाणी गढूळ झालं की तिला रंग दिसत नाही, मग कुणीही चालतो आणि दोन जातींची परत खिचडी. म्हणून मसुंगा, रोज पाणी बदल. हो बाई म्हणालो. एवढं काय त्यात!

१९ फेब्रुवारी
लाल नर महाआळशी. कोपऱ्यात पडून असतो. डोकं चालवलं. शेजारच्या टाकीतला निळा नर आत सोडला. स्पर्धा असली की गडी सुधारतो. बाईंना सांगितलं नाही. सरप्राइज.

२ मार्च
हल्ली संध्याकाळी स्टँडवर जातो. मागूची बस तेव्हाच येते, हा योगायोग. तिथले शेंगदाणे चांगले असतात.

११ मार्च
पाणी बदलायचं राहतंय. उद्यापासून नक्की. आज बसमधून हिरवा कांगा नेसलेली बाई उतरली. धावत जाऊन हात धरला. दुसरीच निघाली. तिच्या नवऱ्यानं विचारलं, काय पाहिजे? शेंगदाणे म्हणालो.

२० मार्च
मादीचं तोंड फुगलंय! तोंडात अंडी धरलीत, काही खात नाही. पाणी एवढं गढूळ की टॉर्च लावून बघावं लागलं. पण जिंकलो! मिलेम्बेला फोन लावला. मेव्हण्यानं उचलला, ती कामात आहे म्हणाला. मी म्हटलं, निदान अंड्यांचं तरी सांग तिला. फोन कट. मागूला रेंजच नसते.

१५ जून
लाल नर मेला. संसाराचा ताण. निळा मस्त फिरतोय. पिल्लं ठणठणीत, म्हणजे लाल वंश सुरक्षित.

८ ऑगस्ट
मेव्हणा गाई हाकत दारात! लग्नात मी सासऱ्यांना दिलेल्याच. काय ही सासऱ्यांची माया, जावयाला दूध कमी पडू नये म्हणून! तो चहासुद्धा न घेता गेला. मामा सायी म्हणाली, अरे येड्या, गाई परत आल्या म्हणजे लग्न मोडलं, शेंबड्या पोराला कळतं हे. तिला कुणी विचारलं होतं?
एकही गाय दूध देत नाही.

४ ऑक्टोबर
पिल्लांना रंग आला. ना लाल, ना निळा. गाळासारखा. बाईंनी विचारलं, टाकीत निळा कुणी सोडला? पाणी कधीपासून बदललं नाहीस? सांगितलं. स्टँडचंही सांगितलं. बाई मटकन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, वेगळं व्हायला हजारो वर्षं लागली होती रे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर
गाई हाकत मागूला गेलो. म्हटलं, सासऱ्यांच्या हातापाया पडेन, घ्या म्हणेन या परत.
दारात मिलेम्बेच आली. या, म्हणाली. बसा. तुम्ही चहा घेणार का?
इतकी वर्षं ए मसुंगा म्हणायची. चिडली तर ए माकडा. आज तुम्ही. चहा घेतला, गोड होता की अगोड, कळलं नाही.
रडायला येत होतं, पण पाहुण्यानं कसं रडायचं?
निघताना तिनं विचारलं, तुमचा तो लाल मासा आहे ना अजून?
आहे म्हणालो. एकदम लाल.
सासऱ्यांनी गाई घेतल्या नाहीत. चालतच परत निघालो. बसमध्ये गाई घेत नाहीत.