मागच्या अंगणातील विलोंच्या कापणीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा जाहीर भाषणे, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न तीन सरकारांनी आणि एका धाकट्या भावाने केला. सरकारे पडली, भाऊ अजून उभा आहे. माझी याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः रागाच्या भरात केलेली.

१. पुस्तके सार्वजनिक वाचनालयास. समासात मी लेखकांशी घातलेले वाद खोडू नयेत. कित्येक पुस्तकांत तेवढेच वाचण्यासारखे आहे.

२. मनगटी घड्याळ सभागृहाच्या त्या व्यवस्थापकास, ज्याने ऐन मुद्द्यावर माझा माईक बंद केला. वेळेची इतकी काळजी असलेल्या माणसाकडे चांगले घड्याळ हवे.

३. मानपत्रांच्या बिनरंगाच्या लाकडी चौकटी अंगणातील झाकणाच्या पिंपात, कमी हवेत भाजून कोळसा करावा आणि तो तिथल्याच मातीत मिसळावा. या कोळशाच्या बारीक छिद्रांत शिसे धरून राहते, पाण्याबरोबर पळत नाही. भाऊ म्हणतो, "ताई, कोळसा उगाळावा तितका काळाच." अरे, उगाळायला कोण सांगतंय? पुरायला सांगतेय.

४. आता जमीन. आमच्या वडिलांचा धातूवर मुलामा चढवण्याचा कारखाना होता. गावभरचे कडीकोयंडे चकाकत, आणि हौदातले उरलेले पाणी आमच्या मागच्या अंगणात ओतले जाई. त्या मातीत शिसे आणि कॅडमियम आहे, असे प्रयोगशाळेतील मातीवाल्या बाई सांगतात. मी सांगितले असते तर लोक टाळ्या वाजवून घरी गेले असते.

म्हणून मी तिथे विलो लावले. हे झाड झपाट्याने वाढते आणि कॅडमियम मुळांनी ओढून खोडापानांत साठवते. पाने गळण्याआधी गोळा करायची, दर तिसऱ्या वर्षी खोडे बुंध्याशी कापून धूर गाळणाऱ्या भट्टीत पाठवायची. बुंध्याला नवे फुटवे येतात. कापलेच नाही, तर ओढलेले विष पानांवाटे पुन्हा मातीत जाते.

भावाला ही जमीन विकायची आहे. तळमजल्याच्या घरांपुढे छोट्या बागा, असा नकाशाही तयार आहे. "वर चांगली माती पसरू, ताई. खालचं कोण बघतंय?" मुले बघतात. मुले खणतात आणि खणलेले तोंडात घालतात. तूही घालायचास, बाळा, याच अंगणातली. आणि बोट घालून मी काढायची.

तेव्हा जमीन भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला, द्यायची असे मी ठरवले होते. पण पहिल्या कापणीच्या दिवशी ती विलोवर चढून बसली. हातात मीच दिलेला भोंगा.

"कुऱ्हाड खाली ठेवा! पहिला घाव आमच्यावर घाला!"

वाक्य माझे. पाच वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून तिने ते पाठ केले होते.

"अगं, ते जंगलाबद्दल होतं! उतर खाली."

"आत्या, तू म्हणाली होतीस, सगळी झाडं सारखी."

"ते सभेत म्हटलं होतं."

"म्हणजे सभेत खोटं बोलायचीस?"

उभ्या आयुष्यात मला निरुत्तर करणारा विरोधक भेटला नव्हता. तो मी घरातच वाढवत होते. भाऊ खाली खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "उतरू नकोस गं, पोरी. ताई गप्प झालेली बघायला मी जन्मभर थांबलोय!"

त्या वर्षी कापणी झाली नाही.

५. सबब, जमीन, मुळे आणि वीतभर उंचीपर्यंतचे बुंधे भाचीचे. वीतभरावरची खोडे, फांद्या, पाने भावाची. तिने बुंध्यांना धक्का लागू देऊ नये. वर चढून बसू नये, ती तिची मालमत्ता नव्हे. त्याने कापावे, भट्टीत पाठवावे. खर्च माझ्या ठेवीच्या व्याजातून. मातीवाल्या बाईंनी सलग तीन वर्षे माती स्वच्छ असल्याचे लिहून दिले की निम्मी जमीन भावाची. तोवर एक ढेकूळही विकता येणार नाही. माया राखेल, लोभ कापेल. दोघांपैकी एकाच्याच हाती सोडले, तर माती आहे तशीच राहील.

हे कलम आज सकाळी दोघांना वाचून दाखवले. भावाने साक्षीला आलेल्या मातीवाल्या बाईंना विचारले, "किती वर्षं लागतील?"

"पंचवीस. जास्तही लागतील."

भाऊ सत्तरीचा आहे. चेहरा पडला. मग बोटांवर काही मोजून म्हणाला, "बाई, दर दोन वर्षांनी कापलं तर?"

"बाबा, बुंध्याला हात लावून तर बघा!" भाची ओरडली आणि मोजपट्टी आणायला धावली.

हे लिहीत असताना दोघे अंगणात वीत नेमकी कोणाची धरायची यावर भांडत आहेत. मृत्युपत्र अमलात आले असे मी समजते. आता मरायची घाई नाही.

(सही)
त्याची ताई, तिची आत्या

साक्षीदार :
१. डॉक्टर. बुद्धी शाबूत असल्याचे तपासले. घसा बसला आहे. बोलू नका म्हणून सांगितले, ऐकले नाही.
२. प्रयोगशाळेतील मातीवाल्या बाई. दोन वर्षांनी कापले तरी चालेल.

ठिकाण : अंगणाकडची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर