खोडलेलं वाक्य

हैफा,
२० नोव्हेंबर १९७३

प्रिय नफ्ताली,

तू कैदेतून सुटून आलास, त्याला आज पाच दिवस झाले. तरी सकाळी उठल्या उठल्या मी आईला विचारते, "आला ना गं तो?" ती म्हणते, "आला. आता कॉफी ठेव." फोनवर तू तिला सांगितलंस, "दाढी वाढली, अक्कल नाही वाढली." त्यावर ती हसता हसता रडली. शुक्रवारी तुला दवाखान्यातून सोडणार म्हणून कोंबडी आजच सांगून ठेवलीय.

पायाची सूज उतरली का?

परदेशी वर्तमानपत्रात कैद्यांचा एक फोटो आला होता. डोक्यावर हात, माना खाली. भिंगाखाली मला तुझा डावा कान सापडला, लहानपणी कुंपणाच्या तारेने फाटलेला. सोळा वर्षं मी सैन्याच्या कार्यालयात विमानातून काढलेले फोटो वाचतेय, पण एवढं नीट कधीच काही वाचलं नव्हतं.

नाही, हे खरं नाही. त्याआधी एकदा वाचलं होतं.

मोठ्या उपवासाच्या दोन दिवस आधी कालव्यापलीकडचे, शत्रूच्या हद्दीतले फोटो आले. पूल टाकायचं सामान लादलेल्या गाड्या पाण्याकडे सरकत होत्या. मी टिपणात लिहिलं, "कालवा ओलांडायची तयारी दिसते." मेजर शाखारांनी ते वाक्य लाल पेन्सिलीने खोडलं. "त्सिला, सराव आहे हा. मे महिन्यात असंच घाबरून राखीव फौज बोलावली, काय झालं? हसं." मग मी नव्या कागदावर "सराव" असं टाइप केलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तुझा कालव्याकाठच्या ठाण्यावरून फोन आला. उपवासाआधी सगळेच एकमेकांची माफी मागतात, तशी तूही मागितलीस. "वर्षभर चिडवलं, माफ कर, म्हातारे."

"केलं. मलाही कर."

"तुला कशाबद्दल?"

"असंच. रीत आहे म्हणून."

मग तू विचारलंस, "सुट्टी माझी आहे, पण माझ्याबरोबरच्या मेनाशेला मुलगी झालीय. त्याला देऊ? तुमच्याकडची हवा काय म्हणते?"

मी म्हणाले, "दे की. शांत आहे सगळं."

गुपित फोडता येत नव्हतं, असं मी स्वतःला सहा आठवडे सांगितलं. पण "तू घरी ये" म्हणण्यात कसलं गुपित फुटणार होतं? खरं म्हणजे मेजरचं बरोबर असावं, असं मलाच हवं होतं. शनिवारी, ऐन उपवासाच्या दुपारी शत्रूने कालवा ओलांडला, आणि मेनाशेच्या जागी तू त्यांच्या हाती सापडलास.

काल मेनाशे मुलीला घेऊन आला. "नफ्तालीमुळे मी हिला बघतोय," म्हणाला. तिने माझं बोट घट्ट धरलं.

हल्ला आधी का कळला नाही, याची आता चौकशी होणार आहे. लाल रेघेचा तो पहिला कागद माझ्या खणात आहे. मी तो घेऊन जाणार. मेजरचं नाव सांगेन, आणि दुसऱ्या कागदावरची सही माझी आहे, हेही सांगेन. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं.

पुढच्या उपवासापर्यंत थांबवत नाही. आजच माफी मागते, आणि या वेळी रीत म्हणून नाही. माफ करायचं नसेल तर नको करूस. शुक्रवारी मात्र घरी ये. तू आलास, एवढ्यावर मी आयुष्य काढेन.

घरी ये म्हणायला उशीर केलेली,
तुझी बहीण त्सिला