नळी गोल दिसली तेव्हा

पवनी, रविवार

प्रिय आनंद,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. रंजिताच्या फोनवर केला तर तोही तूच उचलतोस आणि तोही ठेवतोस. पत्राचं तसं नसतं, ते पोस्टमनच्या हातून घ्यावंच लागतं. तेव्हा खाली बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात फाडलंस तर मी दिघोरीला येऊन चौकात उभी राहून वाचून दाखवीन. माझा आवाज किती लांब जातो हे तुला माहीत आहे.

दिघोरीत तू काय सांगत फिरतोस ते सगळं माझ्यापर्यंत आलं. 'आपल्याच पोरीच्या पायावर धोंडा टाकला बुढीनं.' बुढी मी आहे, कबूल. पण रश्मीला बाद केलं ते रद्द करा म्हणून नेमबाजीच्या असोसिएशनकडे जो अर्ज केलास, त्यात 'पंच बाईंना मोतीबिंदू असल्यामुळे त्यांना नीट दिसले नसावे' असं लिहिलंस, ते कोणाच्या डोक्यातून निघालं? माझ्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तूच बसला होतास ना? मोतीबिंदू काढला त्याला वर्ष झालं. आता वैनगंगेच्या पुलावरून कोण कोणाच्या गाडीवर बसून चाललंय ते मला माझ्या गच्चीतून दिसतं, आणि त्यामुळे पवनीत बऱ्याच जणांची अडचण झाली आहे.

तुझं जुनं दुखणं मी ओळखून आहे. 'तुले कॉन्व्हेंट, मले बैल.' लहानपणी चिडलास की हेच म्हणायचास, अजूनही भांडणात तेच काढतोस. अरे, बाबांनी मला नागपूरला नन्सच्या शाळेत पाठवलं ते स्कॉलरशिप मिळाली म्हणून, तुझा वाटा मारून नाही. तिथे मला इंग्रजी आलं आणि तोंड आलं. तोंड घरचंच होतं, असं आई म्हणायची. पुढे भंडाऱ्याच्या कॉलेजात मी मुलींच्या एनसीसीला आयुष्य दिलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात तशी मी या प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंगच्या पंचांची परीक्षा द्यायला गेले. रश्मीला या खेळात मी आणलं हे खरं. पण एकदा मैदानावर उभी राहिले की मी तिची आत्या नसते, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला सांगायचं राहिलं, कारण तू कधी बघायलाच आला नाहीस. दर वेळी तुझं धानाचं काही ना काही असतंच.

म्हणून आज समजावून सांगते. तुझी पोर एका जागी उभी राहून काळ्या गोलावर नेम धरते असं तू लोकांना सांगतोस, ते चूक आहे. ती पळते. भिंतीसारखे आडोसे उभे केलेले असतात, त्यांच्या आडून, खिडकीतून, वाकून ती कागदी पुठ्ठ्यांवर नेम मारते, आणि नेमाबरोबर वेळही मोजली जाते. तिच्या कमरेचा पट्टा इतका कडक असतो की बसलं तर पोटाला रुततो. पिस्तूल ठेवायचं होल्स्टर असं असतं की चाप पूर्ण झाकलेला राहतो. गोळ्यांची मॅगझिन डाव्या कमरेवर ओळीनं, कानाला मफ, डोळ्याला चष्मा. आणि एवढं सगळं लेवून ती दिवसभर रिकामं पिस्तूल घेऊन फिरते. पंचानं 'लोड अँड मेक रेडी' म्हटल्याशिवाय गोळी भरायची नाही, होल्स्टरमधून पिस्तूल उगीच बाहेर काढायचं नाही. कोणाला काढून दाखवायची हौस आली तर त्यानं त्याच दिवशी घरी जावं. बोट चापावर केव्हा, तर फक्त नेम धरल्यावर. पळताना, मॅगझिन बदलताना बोट बाहेर, सरळ, सगळ्यांना दिसेल असं.

आणि सगळ्यात मोठा नियम नळीच्या तोंडाचा. शूटरच्या डाव्या-उजव्या हाताला एक रेघ आहे असं समज, जसा तुझ्या धानाच्या शेताचा धुरा. नळीचं तोंड त्या रेघेच्या पुढे, मातीच्या भिंतीकडेच राहिलं पाहिजे. रेघ ओलांडून मागे आलं की सामना संपला. गोळी सुटो न सुटो, मुद्दाम असो, चुकून असो, पहिली असो की शेवटची खेप असो. माफी नाही.

आता त्या दिवसाचं. सकाळी मी स्वतः मधुकररावांकडे गेले. असोसिएशनचे सेक्रेटरी म्हणून मिरवतात ना, तेच. म्हटलं, माझी भाची या फेरीत आहे, मला दुसरीकडे टाका. तर म्हणाले, "मॅडम, तुमच्याएवढी नजर दुसऱ्या कोणाची आहे इथं?" तेव्हा माझी नजर त्यांना चालत होती. दुपारनंतर मोतीबिंदू झाला.

जुन्या मुरमाच्या खाणीत रेंज आहे, तीन बाजूंनी मातीचे उंच कडे. रश्मी सकाळपासून अशी खेळत होती की बाकीच्यांनी हार मानून आपापले डबे आधीच उघडले होते. शेवटची फेरी नीट पार पडली असती तर राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात तिचं नाव नक्की होतं. घड्याळ घेऊन अश्विन तिच्या मागे उजव्या बाजूला, मी डाव्या बाजूला. अश्विन तिच्याच वयाचा, चांगला पंच आहे. घड्याळाचा 'पीप' वाजला. उजवीकडचे पुठ्ठे तिनं असे टिपले की मला टाळी वाजवावीशी वाटली. मग डावीकडे धावायचं होतं आणि धावताना मॅगझिन बदलायचं होतं. उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळाला की इथेच फसतो: अंग डावीकडे वळतं आणि त्याच्याबरोबर नळीचं तोंडही मागे वळत जातं.

आनंद, पिस्तूल बाजूनं बघितलं तर नळी लांब दिसते. माझ्यासमोर ती लांब दिसत होती, मग आखूड झाली, आणि मग मला गोल दिसली. एक काळं गोल भोक, त्याची कड चकाकत होती. ते ज्याला गोल दिसतं त्याच्याकडे ते रोखलेलं असतं. यात मोतीबिंदूचा काही संबंध नाही. आणि मी एकटी नव्हते तिथे. माझ्या मागे मांडवात बायका बसल्या होत्या, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर, लेकीसाठी आणलेला डबा मांडीवर घेऊन, तुझी बायको बसली होती. हे रंजितानं तुला सांगितलं नसेल, कारण तिला ते कळलंच नाही. तिला फक्त मी "स्टॉप!" ओरडले ते कळलं.

अश्विनला दिसलं नाही, कारण रश्मीची पाठ मध्ये होती. त्यानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. पण मला दिसलं, आणि दोघांपैकी एका पंचाला दिसलं तरी पुरतं.

आता जे सांगते ते मन लावून वाच, कारण यासाठी तू गावात पेढे वाटायला हवे होतेस. माझा आवाज निघाला आणि तुझी मुलगी जिथे होती तिथे खांबासारखी थांबली. नळी भिंतीकडे, बोट बाहेर. वळून बघितलं नाही, 'काय झालं' विचारलं नाही. अश्विननं हुकूम दिले तसं मॅगझिन काढलं, आतली गोळी काढली, रिकामी नळी दाखवली, पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं. मग माझ्याकडे येऊन हात मिळवला आणि म्हणाली, "थँक यू, मॅडम." आत्या म्हणाली नाही. गेल्या वर्षी एका साहेबाच्या मुलाला असंच बाद केलं तर त्यानं पट्टा जमिनीवर आपटला होता आणि साहेबांनी मला 'तू कोण' विचारलं होतं. तुझ्या पोरीनं टोपी नीट केली आणि चिकटपट्ट्यांचा रोल उचलला.

हा या खेळाचा शिष्टाचार आहे. प्रत्येकाचा खेळ झाला की बाकीच्यांनी पुढे जाऊन पुठ्ठ्यांची भोकं बुजवायची, म्हणजे पुढच्याला कोरं निशाण मिळतं. गुण सांगून होईपर्यंत पुठ्ठ्याला हात लावायचा नाही. बाद झालेला माणूस घरी गेला तरी त्याला कोणी काही म्हणत नाही. ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहून, जी मुलगी आता तिच्या जागी संघात जाणार होती, तिच्या पुठ्ठ्यांची भोकं ती बुजवत राहिली. एक पट्टी वाकडी लागली तर काढून पुन्हा लावली. मी कितीतरी कॅडेट परेडवर चालवल्या, बक्षिसं घेताना बघितल्या. पण अभिमानानं छाती भरून येणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि मला ते कोणाला सांगताही येईना, कारण बाद करणारी मीच.

त्यानंतर तुझा अर्ज गेला. मधुकररावांचा मला फोन. "मॅडम, फक्त लिहून द्या, पक्कं सांगता येत नाही म्हणून. पोरीचं भलं होऊन जाते. कोणाचं काय जाऊन राहिलं?" मी विचारलं, मांडवात तुमची बायको असती तर? म्हणाले, "तुम्ही तं लगेच घरावरच येता." मी म्हटलं, गोळीही घरावरच येते, मधुकरराव, ती असोसिएशनच्या ऑफिसात जात नाही. शेवटी त्यांनी सांगितलं की येत्या शनिवारी बैठक आहे, माझा कागद नसला तरी 'पंचांत एकमत नाही' म्हणून तुझा अर्ज मंजूर होईल. म्हणजे तुझं काम झालंच होतं. तू रश्मीच्या अभिनंदनाच्या बॅनरचं माप द्यायला लाखांदूरला गेलास हेही कळलं मला.

आता हे पत्र का, ते सांगते. काल शनिवार होता. परवा रात्री रश्मी भंडाऱ्याहून पोस्टाची ड्युटी संपवून थेट माझ्याकडे आली. जेवली नाही. म्हणाली, "आत्या, तू ओरडायच्या आधीच मले माईत झालं होतं. मनगटालेच समजते ना. बाबांनी अर्ज केला तवा मी काही बोलली नाही. वाटलं, होऊन जाईल तं होऊन जाईल." मी ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "क्लबात नवीन पोरी आल्या. त्यांना नळी कुठं ठेवायची ते मी सांगून राहिली होती, अन् माझंच बोलणं मले ऐकवेना." काल ती बैठकीत एकटी गेली, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली की रेघ ओलांडली होती, आणि अर्ज मागे घेतला. मधुकररावांना चहा गोड लागला नाही म्हणतात. संघ गेला, आनंद. यंदापुरता तरी गेला. तिनं असोसिएशनला सांगितलं, मला सांगितलं, पण तुला सांगायची तिची हिंमत होत नाही, कारण तू तिच्यासाठी पहिल्यांदा कोणाशी तरी भांडलास आणि तिनं ते भांडण मोडलं. दोन दिवस माझ्या घरात आहे, फोन समोर ठेवून बसते, तुझं नाव काढते आणि परत ठेवते. तेव्हा तो बॅनर रद्द कर आणि तिला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

रागावलेली तरी तुझीच,
रत्नमालाताई