खालचे दोन स्पीकर

३ मार्च, सोमवार

लॅपटॉपचा आवाज बिघडलाय, असं आत्याचं म्हणणं. विंडोज रखडत होतं म्हणून काल, रविवारी मीच त्यावर लिनक्स टाकून दिलं. बाकी सगळं सुरळीत चालतंय.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे तिचं काम. बावीस वर्षं. सध्या कानात बुरशी झाल्यामुळे दोन महिने इयरफोन बंद, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकते. "बायका बोलतात ते कळतं गं. पुरुष डॉक्टर बोलले की पत्र्याच्या डब्यात माशी."

मी ऐकलं. मला काही फरक वाटला नाही. तसं सांगितलं. "बरं," म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे मुळीच बरं नसतं.

४ मार्च

आवाजाच्या सगळ्या पट्ट्या शंभरावर. म्यूट काही नाही. दोष आढळला नाही.

६ मार्च, गुरुवार

त्यांच्या कामात एक नियम आहे – ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडायची, अंदाज करायचा नाही. औषधांचा मामला. काल आत्याच्या एका रिपोर्टमध्ये अकरा मोकळ्या जागा. सुपरवायझर बाईंचा फोन: "ताई, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं. पुढच्या गुरुवारपर्यंत बघते. मग मात्र तुमच्या फाइली दुसऱ्या कुणाला द्याव्या लागतील."

मी म्हटलं, आत्या, साठी जवळ आली, एकदा कान तपासून घे. ती उठली, कपाटातून कागद आणला. बुरशी काढली त्याच दिवशी तपासणी झाली होती. दोन्ही कान उत्तम.

मग म्हटलं, बाहेरचा स्पीकर आणते. "आण की. पण गेल्या शनिवारपर्यंत हाच खणखणीत होता. तू हात लावलास आणि बिघडला. आधी ते कबूल कर, मग आण."

कबूल केलं नाही. विंडोज मी पुसून टाकलंय. परतीची वाटही मीच बुजवली.

७ मार्च

लॅपटॉप उलटा केला. जाळ्या चार – दोन कीबोर्डच्या बाजूंना, दोन तळाशी. जाड सूर लावून एकेकीवर बोट ठेवलं. वरच्या दोन थरथरतात. खालच्या दोन ढिम्म.

खालचे दोन स्पीकर जाड आवाजासाठी असतात. विंडोजमध्ये बनवणाऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम त्यांना चालू करतो. लिनक्सला ते आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे आत्या पहिल्या दिवसापासून बरोबर होती. अंदाज मी केला, तोही तिच्या वयावर.

८ मार्च, शनिवार

सापडलं! याच मॉडेलवर चार वर्षांपूर्वी कुणीतरी हेच भोगलंय. साउंड चिपची कोणती पिन खालच्या स्पीकरची, हे त्याने एकेक करून शोधलं आणि तिथे स्पीकर आहे एवढं सांगणारी फाइल लिहून ठेवली. खाली एक वाक्य: "वडिलांच्या लॅपटॉपसाठी केलं. उपयोग झाला तर कळवा." झाला, बाबा. फार झाला.

फाइल टाकली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, एक रिपोर्ट लावला. आत्या शेजारच्या खोलीतून अर्धी घडी घातलेली चादर तशीच घेऊन आली. "हा आता माणूस बोलतोय. अगं, खुर्ची करकरली त्यांची, तेही कळलं!"

फोनवर रेकॉर्ड करून आलेख काढला. तीनशे हर्ट्झच्या खाली सरासरी चौदा डेसिबलची वाढ. आलेख खोटं बोलत नाही. आत्याही नव्हती बोलत.

सॉरी म्हटलं. तोंडाने, स्पष्ट. "बरं, बरं. इंजिनीअरबाई, चादरीचं दुसरं टोक धरा."

आईबाबा गेल्यावर तिने मला याच टायपिंगवर शिकवलं. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. आजही नाही दाखवलं. टोक धरलं.

१३ मार्च, गुरुवार

शनिवारपासून चाळीस रिपोर्ट, मोकळ्या जागा दोन. "आणि त्या दोन्ही ठिकाणी डॉक्टरांना जांभई आली होती," इति आत्या. सुपरवायझर बाई हसल्या म्हणे. फाइली तिच्याकडेच राहणार.

१५ मार्च, शनिवार

त्या अनोळखी माणसाला आभाराचं पत्र लिहायला बसले. नुसता आलेख पाठवणं अर्धवट वाटलं, म्हणून ऐकण्याची चाचणी घेतली. पुरुष डॉक्टरांचे वीस तुकडे. खालचे स्पीकर कधी चालू, कधी बंद, ते प्रोग्रॅम ठरवणार. ऐकून सांगायचं – चालू की बंद?

आत्या: वीसपैकी वीस.

मी: अकरा. पुन्हा घेतली. नऊ. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते.

प्रोग्रॅम तपासला. प्रोग्रॅम ठीक आहे.

आत्या चिडवेल असं वाटलं होतं. तिने फोन उचलला आणि तिच्या कानाच्या डॉक्टरांकडे माझं नाव लावलं.

१७ मार्च, सोमवार

कानातलं एक बारीक हाड आखडत चाललंय. दोन्हीकडे. जाड आवाज आधी जातात. घरात दोघी बायकाच, त्यामुळे कळलं नाही. ऑपरेशनने सुधारतं.

डॉक्टर आणखी काहीतरी पुटपुटले. मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "वेळेत आणलंत, म्हणतायत."